घरात जे मावत नाही

मुंबईत हॉटेलं भुकेपोटी निघाली नाहीत. भूक गावाकडेही होती, बहुधा जास्तच होती. हॉटेलं निघाली ती खोलीपोटी. दहा बाय बाराच्या खोलीत चूल मावते, मोरी मावते, सहा माणसांच्या वळकट्या मावतात. पाहुणा मावत नाही, भांडण मावत नाही; एकांताचं तर नावच नको. जे मावलं नाही ते जिना उतरून खाली आलं आणि कोपऱ्यावरच्या टेबलाशी जाऊन बसलं.

वस्तीतल्या हॉटेलात काय खपतं ते पाहावं. त्या वस्तीतल्या घरांत काय नाही, ते कळतं.

*

गिरणगावात खोल्या होत्या, खोल्यांत बाई नव्हती. ती कोकणात नाहीतर घाटावर, शेत आणि सासू सांभाळत होती. इथे नुसते पुरुष. एक पाळीला निघाला की त्याच्या जागेवर दुसरा पाठ टेकणार. त्यांना चव नको होती, रांधणारे हात हवे होते. खानावळवाली मावशी आपल्याच खोलीत वीस-पंचवीस जणांचं करायची. पाट मांडायची, पाट उचलायची, तिची पोरं जिन्यात अभ्यास करायची. दुसऱ्यांना घरचं जेवण मिळावं म्हणून तिचं घर घर राहायचं नाही. आणि ते राहिलं नाही म्हणूनच त्याचं भाडं निघायचं.

पैसे पगाराला. तोवर सगळं वहीवर. वाणी पगारापर्यंत थांबत नसे आणि सावकाराचं व्याज रात्रपाळीलाही चढत असे. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. तारण ठेवायला पातेल्यांपलीकडे काही नव्हतं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या.

महिनाअखेरीची खरी लढाई खाड्यांची. मेंबर गावी गेला, आजारी पडला, मावसभावाकडे जेवला, की तेवढे खाडे धरायचे आणि हिशेबातून वजा करायचे. तो म्हणे सात, ती म्हणे चार. जेवलेल्या जेवणावरून कधी वाद झाला नाही. न जेवलेल्यावरून दरमहा झाला.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार गावी गेले. वही मावशीकडे राहिली.

*

लोक म्हणायचे, इराण्याकडे चहा प्यायला जातो. ते बसायला जायचे. चहा हे बसण्याचं भाडं.

यझ्द आणि केरमानकडून आलेल्या या झरथुश्ती माणसांनी शहरातले कोपरे धरले. कोपऱ्यावरचं दुकान आपल्याकडे अशुभ मानत, म्हणून ते त्यांना सहज मिळालं असं सांगतात. खरं असेल तर गंमतच आहे. शुभाशुभ पाहणाऱ्यांच्या तीन पिढ्यांनी त्याच कोपऱ्यावर ब्रून मस्का चहात बुडवला. धोबी तलावाचं कयानी 1904 चं, ग्रँट रोडचं मेरवान 1914 चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. आरशाने जागा मोठी दिसते. शिवाय गल्ल्यावरून न उठता, एका सिंगल चहावर कोण किती वेळ बसलंय तेही दिसतं.

आणि पाट्या. केस विंचरू नयेत. मोठ्याने बोलू नये. राजकारणावर चर्चा करू नये. विनाकारण बसू नये. निसिम इझिकेल यांनी अशा सूचनांचीच एक कविता केली. ज्या गोष्टी कुणी करत नाही त्यांच्या मनाईची पाटी कुणी पैसे घालून रंगवत नाही. तेव्हा इराण्याचा खरा मेन्यू त्या पाटीवरच वाचावा: भांग पाडणं, गप्पा, राजकारण, आणि विनाकारण बसणं.

काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षं बसले. 2004 साली ‘काला घोडा पोएम्स’ आलं. एका कवितासंग्रहामागे किती चहा गेला, याचा हिशेब साहित्याच्या इतिहासात नसतो. हॉटेलवाल्यानेही तो ठेवला नाही, हे त्याचे उपकार.

*

सगळ्यांनाच बसू देत, असं मात्र नव्हतं. जुन्या हॉटेलांच्या पाट्यांवर जात रंगवलेली असायची. कुणाचा कप वेगळा आणि कुणी बाहेरच्या फळीवर बसायचं, हे तर पाटीवर लिहावंही लागत नसे.

26 जानेवारी 1950 ला अमलात आलेल्या राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद काढून पाहावा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं. यांचा तिथे नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही तिथे मज्जाव करता येणार नाही. एवढ्या मोठ्या देशाचा कायदा लिहिताना चहाच्या हॉटेलाची आठवण ठेवली गेली. बाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे मसुदा समितीच्या अध्यक्षांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

आज पलीकडच्या खुर्चीवरचा कोण, हे आपण विचारत नाही. भाड्याने जागा बघायला गेलं की मात्र आडनाव पहिलं विचारतात. टेबलाशी शहर जितकं पुढे आलं, तितकं जिन्यात आलेलं नाही.

*

फॅमिली रूम नावाचा एक प्रकार होता. लाकडी फळ्यांचे खण, अर्धं दार, नाहीतर कळकट पडदा. ज्यांचं कुटुंब होतं ते सहसा बाहेर बसत. आत बसत ती अजून न झालेली कुटुंबं.

त्या खणात वेटर येताना खोकत यायचा. नुसतं खोकायचं, आत बघायचं नाही, आणि दोन कॉफींवर तासभर ‘और कुछ’ असं विचारायचं नाही. अशी रीत कुठल्या कॅटरिंग कॉलेजात शिकवत नाहीत. या शहरातली कितीतरी लग्नं त्या खोकल्यावर उभी आहेत.

*

माटुंग्याचं राम आश्रय 1939 चं, कॅफे मद्रास 1940 चं, स्टेशनाशेजारचं रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चं. जग लढत होतं तेव्हा माटुंग्यात पीठ आंबत होतं. दक्षिण कॅनरातली पोरं यायची, आधी कपबशा विसळायची, मग टेबलं पुसायची, मग ऑर्डर घ्यायची. रात्री कानडी रात्रशाळेत जायची. त्यातली काही शेवटी गल्ल्यावर पोचली. बाकीचे आयुष्यभर ‘अण्णा’ राहिले.

उडुप्याने मुंबईच्या घराला एक फार मोठी गोष्ट दिली: रविवारची संध्याकाळ. त्या दिवशी सकाळी बाईने सामिष, नाहीतर मसालेभात, असं साग्रसंगीत केलेलं असतं. रात्री पुन्हा चुलीशी उभं राहायचं नाही, एवढीच तिची चैन. सगळे कपडे बदलून खाली उतरतात. मुलगा मसाला डोसा सांगतो, मुलगी शेजवान डोसा, नवरा पावभाजी. आईचं ठरलेलं असतं: ‘मला काही नको, तुमच्यातलंच घेईन.’ मग ती डोशाचं कुरकुरीत टोक मोडते, पावाचा अर्धा तुकडा घेते, आणि डोळे मेन्यूकार्डाच्या उजव्या रांगेवर, जिथे आकडे असतात तिथे. घरात शेवटी बसणारी बाई हॉटेलात शेवटी मागवते. सुट्टी तिला मिळते. सवय सुटीवर जात नाही.

परवा एका मुलीला पाहिलं, पंचविशीची असेल. खांद्यावर लॅपटॉपची बॅग. एकटी आली, मधल्या टेबलाशी बसली, उपमा, मेदूवडा आणि वर शिरा मागवला, आणि कुणालाही न विचारता तिन्ही संपवले. शेजारच्या टेबलावरची आई तिच्याकडे पाहत होती. नापसंतीने पाहत नव्हती. आपलं काहीतरी राहून गेल्यासारखं पाहत होती.

*

सांबार दुसऱ्यांदा फुकट मिळतं. मागण्याच्या तऱ्हेवरून माणूस ओळखावा. काही जण वाटी पुढे सरकवतात आणि दुसरीकडे पाहतात. काही हक्काने आवाज देतात. काही इडली संपल्यावर मागतात आणि सांबार नुसतं पितात. काही मात्र अर्धी इडली कोरडी खातात, मागत नाहीत. चौथ्या जातीची माणसं नोकरीत बढतीही मागत नाहीत.

*

मेन्यूकार्डावर दोनशे पदार्थ असतात. आत भटारखान्यात तीन पातेली असतात.

सकाळी दहाच्या आधी ती पातेली तयार होतात. एकात कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, एकात काजू-मगजबियांची पांढरी, एकात परतलेल्या कांद्याची तपकिरी. लालमध्ये लोणी आणि थोडी साखर गेली की मखनी. पांढरीत मटार-पनीर गेलं की शाही काहीतरी. लाल-पांढरी निम्मी-निम्मी झाली की कोल्हापूर ते काश्मीर कुठलंही नाव चालतं. वर किसलेलं चीज पडलं तर मुलांसाठी, लाल मिरची उभी खोचली तर कोल्हापुरी. कोल्हापूरच्या माणसाने ती भाजी खाऊन भावना दुखवून घेऊ नयेत. ती त्याच्यासाठी केलेलीच नसते. पलीकडे चायनीजचा तवा. मंचुरियन तर इथलंच. नेल्सन वँग यांनी 1975 च्या सुमाराला मुंबईच्या क्रिकेट क्लबात ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. चीनमधून आलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागतं.

डोशाच्या तव्यावर मास्तर पाणी शिंपडतो, चर्र होतं, मग खराट्यासारख्या झाडूने तवा झाडतो. नवख्याला ते पाहून कसंतरी होतं. पण तव्याची धग नेमकी किती उतरली हे त्याला त्या चर्र आवाजावरून कळतं. आवाज बारीक झाला की पीठ पडतं, वाटीच्या बुडाने गोल फिरतं, कडेने तेल सुटतं. दिवसाला काही शे डोसे, आणि बारा नंबरला गेलेला आणि चार नंबरला गेलेला यांत फरक सापडणार नाही.

यात प्रतिभा कुठे आहे, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. प्रतिभेला रोज सकाळी सहाला उठायची सवय नसते.

*

वस्तीतल्या हॉटेलाची सगळ्यात मोठी तारीफ म्हणजे ‘बरं असतं’. याच्यावर कौतुक गेलं की हॉटेल बिघडायला लागतं. पेपरात नाव आलं, कुणी व्हिडिओ केला, लांबून गाड्या आल्या, की शनिवारी दाराशी वही घेऊन पोऱ्या उभा राहतो, नावं लिहून घेतो. मग शेजारच्या चाळीतला माणूस आपलं नाव लिहून घ्यायला जात नाही. त्याला स्वतःच्या गल्लीत नाव सांगायची सवय नाही.

मला उत्तम जेवणाचा थोडा धाक वाटतो. त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं. बऱ्या जेवणाकडे द्यावं लागत नाही. ते खाता खाता बँकेच्या हप्त्याचा विचार करता येतो, बापाच्या ऑपरेशनबद्दल बोलता येतं, रडताही येतं. कुणाशी बोलणी करायची असतील, नोकरी सुटल्याचं सांगायचं असेल, तर माणसं कधी भारी ठिकाणी जात नाहीत. पुरीभाजीसमोर बसतात. पुरीचा फुगा फुटेपर्यंत वेळ मिळतो.

‘घरच्यासारखं जेवण’ असं बाहेर लिहिलेलं असतं. मी तिथे शक्यतो जात नाही. घरच्यासारखंच हवं असतं तर चपला कशाला घातल्या असत्या?

*

दुपारी एक ते दोन, फोर्ट, दादर, परळ. जागा नाही. अशा वेळी जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं असतं. बाहेरगावच्या माणसाला हे रानटी वाटतं. त्याचेही नियम आहेत, कुठेच लिहिलेले नाहीत. ज्याचा भात आलाय त्याच्यामागे उभं राहावं. ज्याची पोळी चालू आहे त्याच्यामागे राहू नये. ताटाकडे पाहू नये, पंख्याकडे पाहावं. जेवणाऱ्याने मागे वळू नये, पण ताक एका घोटात संपवावं. उठताना ‘बसा’ म्हणावं. बसणाऱ्याने आधीच्याचं खरकटं उचललं जाईपर्यंत हात मांडीवर ठेवावेत.

चार जणांच्या टेबलाला चार अनोळखी माणसं. एकाची थाळी, एकाचं मिसळ-पाव, एक उपासाचा, एक नुसतंच दहीभात कालवणारा. कोपराला कोपर लागतं. पाण्याचा जग एकाने दुसऱ्याकडे सरकवला, एवढाच संवाद. लोकलमध्येही अंगाला अंग लागतं, पण तिथे शत्रुत्व असतं. जेवणाऱ्या माणसाविरुद्ध शत्रुत्व टिकवणं अवघड. त्याचा घास वर जाताना चेहरा पाच वर्षांच्या मुलाचा होतो.

*

वेटरला तुमचं नाव माहीत नसतं. कमी साखर माहीत असते. वडा सांबारात बुडवून हवा की बाजूला, हे माहीत असतं. तुम्ही महिनाभर आला नाहीत हे माहीत असतं, आणि का, ते तो विचारत नाही. पुन्हा गेल्यावर पाण्याचा ग्लास जरा आधी येतो, बस्स. शहरात माणसाला इतकीच ओळख हवी असते. याहून जास्त झाली की तो हॉटेल बदलतो.

त्याच्याबद्दल आपल्याला मात्र तितकंही माहीत नसतं. पूर्वी तो कुंदापूरचा, कारकळचा असे. आता ओडिशाचा, झारखंडचा, नेपाळचा असतो, आणि तरी आपण त्याला अण्णाच म्हणतो.

चारच्या सुमाराला हॉटेल रिकामं असतं तेव्हा जावं. मागच्या टेबलाशी पोरं जेवायला बसलेली दिसतात. स्टीलच्या परातीतून भात, वर सांबार, मेन्यूत नसलेली कुठलीतरी तिखट भाजी, आणि एकमेकांच्या ताटातली मिरची ओढणं. तेवढा अर्धा तास त्यांना हाक मारून चालत नाही. मारली तर येतात, पण तुमच्या चहाकडे तोंड फिरवून येतात. रात्री शटर अर्धं पडलं की खुर्च्या टेबलांवर उलट्या होतात, लादी पुसली जाते, काही टेबलं जोडली जातात, आणि ज्यांनी दिवसभर दुसऱ्यांना घरात नसलेलं सगळं पुरवलं ते तिथेच अंग टाकतात. त्यांच्या घरात काय नाही, हे विचारण्यात अर्थ नाही.

*

स्वस्त इडलीमागे जुना कायदा आहे.

1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी 1940 च्या पातळीला बांधून टाकली. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण पागडी राहिली. म्हणून लाखोंच्या भाड्याच्या शोरूमला लागून एखादं हॉटेल चाळीस खुर्च्या टाकून बसू शकलं आणि एका कटिंगवर तुम्हाला अर्धा तास दिला गेला. तो अर्धा तास हॉटेलवाल्याचा नव्हता. घरमालकाचा होता. त्याने तो कुरकुरत, कोर्टात तारखा लावत दिला. आपण मात्र आभार अण्णाचे मानले.

आता त्याच इमारतीवर पुनर्विकासाचा हिरवा पडदा चढतो. तीन-चार वर्षांनी टॉवर उभा राहतो, खाली काचेचा गाळा मिळतो, त्याचा मेंटेनन्स जुन्या भाड्याच्या कितीतरी पट. हॉटेलच्या म्हाताऱ्या मालकाचा मुलगा एव्हाना सीए नाहीतर कॅनडात. अण्णाने ते भाव कसे लावायचे? लोक म्हणतात, पिझ्झावाल्यांनी उडुप्याला मारलं. पिझ्झाने कुणाला मारलं नाही. उडुप्यानेच पिझ्झा डोसा काढला आणि तो खपलाही. हॉटेल मरतं ते वरच्या छतापायी आणि पुढच्या पिढीपायी. मुलगा गल्ल्यावर बसू नये म्हणून तर बापाने आयुष्यभर गल्ला सांभाळलेला असतो.

जुनं हॉटेल बंद होणार अशी बातमी आली की शेवटच्या आठवड्यात रांग लागते. त्या रांगेतले बहुतेक जण दहा वर्षांत फिरकलेले नसतात. डोळे ओले, हातात मोबाइल. एवढे लोक आधी आले असते तर, असं म्हणायची सोय नाही. मला ती रांग आवडत नाही. लग्नाला न आलेला पाहुणा बाराव्याला जेवायला यावा, तसं आहे ते.

*

आता घरात सगळं मावतं. टॉवरमधल्या फ्लॅटला बैठकीची खोली आहे, सोफा आहे. पाहुणा येत नाही. भांडायला वेगवेगळ्या खोल्या आहेत. दारू फ्रीजमध्ये असते. बाई ऑफिसातून आठला येते आणि नवऱ्याला कुकर लावता येतो. नाही लावला तर ॲप आहे. हॉटेल जिना चढून वर आलं, लिफ्टने आलं, गार होऊन आलं. डोसा डब्यात वाफेने मऊ पडलेला, सांबार पिशवीला गाठ मारून. त्या गाठीशी झगडताना ज्याचा शर्ट वाचला, तो भाग्यवान.

काही ठिकाणी हॉटेलच उरलेलं नाही. गल्लीच्या मागच्या बाजूला एक गाळा, आत दोन शेगड्या, चार ब्रँडांची नावं, आणि एकही खुर्ची नाही. तिथे जेवण मिळतं. बसायला मिळत नाही. इराण्याच्या पाटीची शेवटची ओळ अखेर पाळली गेली.

मार्च 2020 मध्ये सगळंच बंद झालं. लोकांनी घरी पाव भाजले, जिलब्या तळल्या, एकमेकांना फोटो पाठवले, आम्हाला बाहेरचं काही लागत नाही असं म्हणाले. 5 ऑक्टोबरला महाराष्ट्रात निम्म्या खुर्च्यांवर हॉटेलं उघडली. तेव्हा जी माणसं मास्क हनुवटीला लावून पहिल्यांदा आत शिरली, त्यांनी मागवलं काय? इडली. चहा. घरी रोज होतं तेच.

म्हणजे अजून घरात काहीतरी नव्हतं. एक गोष्ट ॲपवर नसते: पलीकडच्या टेबलावरचं भांडण. ती दोघं कोण, त्याने तिचे पैसे कधी नेले, ‘तुझ्या ताईला मध्ये आणू नकोस’ म्हणजे नेमकं काय. इथे आपण मान न वळवता ऐकत असतो. सात नंबरला वाढदिवस असतो, पंख्याखालच्या आजोबांना साखर वर्ज्य असून ते शिरा खातात, आणि गल्ल्यावरचे शेठ फोनवर गावच्या दैवाच्या कोल-उत्सवाचा खर्च ठरवत असतात. आपल्याशी यातल्या कशाचाही संबंध नाही. तरी उठायला जड जातं.

*

आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात अर्धी जागा आता पार्सलला गेली. दाराशी हेल्मेटवाली पोरं मोबाइल वर धरून ऑर्डरचा नंबर ओरडत असतात. आत सहा टेबलं. गल्ल्याशेजारच्या डब्यातून दर मिनिटाला एक बाई पैसे जमा झाल्याचं जाहीर करते. बिलात 5 टक्के जीएसटी असतो आणि बडीशेप पूर्वीसारखीच फुकट.

मेन्यूकार्ड मात्र त्यांनी बदललेलं नाही. प्लास्टिकमध्ये घातलेलं तेच जुनं कार्ड, भाव वाढला की आकड्यावर पांढरा स्टिकर. स्टिकरवर स्टिकर बसून साध्या डोशाचा आकडा कागदापासून चांगला वर आलाय, हाताला लागतो. काल समोरच्या टेबलावर एक सात-आठ वर्षांचा मुलगा बसला होता. ऑर्डर यायला वेळ होता. त्याने नखाने एक स्टिकर उचलला. खाली दुसरा निघाला. तोही उचलला. तिसऱ्याखाली जो आकडा निघाला तो त्याने बापाला दाखवला, आणि बाप खरोखरच दोन क्षण तो वाचत राहिला. पाण्याचे ग्लास घेऊन आलेल्या अण्णाने कार्ड त्याच्या हातातून काढून घेतलं, स्टिकर अंगठ्याने दाबून बसवले, वरचा नीट सरळ केला आणि म्हणाला, ‘वो वाला नहीं मिलेगा, बाबू. चटणी एक्स्ट्रा ले लो.’